घरघंटीचं ‘पोट भरलं’ परदेशी पाठवताना

घरगुती पिठाच्या गिरणीवर, म्हणजे घरघंटीवर, गमतीचं एखादं वाक्य टाकायची कल्पना झकास आहे. पण तेच वाक्य मोबाइलवर पाच परदेशी भाषांत उलटवून थेट छपाईला द्यायचं, ही शुद्ध बेफिकिरी. बेळगावात तर याला माफी नाही. खडे बाजारात पिशवीभर भाजी घेईपर्यंत मराठी, कन्नड, हिंदी, उर्दू कानावर पडते. तिथल्या माणसाला हे कळायला हवं.

समजा, उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यानं पिठाच्या डब्यावर, भरायच्या रेघेशी, स्टिकर लावलं: ‘पोट भरलं की हो!’ वाक्य गमतीचं असलं तरी त्याला काम आहे. डबा गच्च झाला की पीठ वर साचतं, जाळी तुंबते, पीठ गरम होतं, मोटर कण्हायला लागते. म्हणून वाचणाऱ्यानं गिरणी बंद करून डबा रिकामा करायला हवा. हे काम ज्या भाषेत होत नाही, तिथे ती गंमत फुकट.

आता मराठी वाक्य नीट बघा. भरलं ते पोट, म्हणून गिरणी ‘तो’ की ‘ती’ हा प्रश्नच येत नाही. ‘मी भरले’ म्हटलं असतं तर आला असता. शेवटचा ‘की हो’ मान देतो आणि लाडानं कुरकुरतोही. आपल्या भागातल्या कन्नडमध्ये ‘होट्टी तुंबैत्री!’ म्हटलं की तो ‘हो’ ‘री’मध्ये जसाच्या तसा उतरतो. बेंगळुरूच्या वळणानं ‘होट्टे तुंबिदे’ लिहिलंत तर चूक नाही, पण बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी-बैलहोंगलच्या घरात ती गिरणी पाहुणी वाटेल.

परदेशी भाषांत खरी गंमत सुरू होते. जर्मनमध्ये शब्दाला शब्द ठेवून ‘इश बिन फोल’ केलंत, तर गिरणी दारू पिऊन तर्र झाल्यासारखी बोलते. जेवून तृप्त झाल्याचा शब्द वेगळा आहे, ‘satt’. फ्रेंचमध्ये ‘भरलेला’ला दारूचा वास येतोच, शिवाय त्याचं स्त्रीलिंगी रूप जनावराला लावलं की गाभण असा अर्थ होतो. गिरणी गाभण! तिथे ‘झे ब्यँ माँझे’, म्हणजे ‘मी छान जेवलो’, बरं. बोलणारा तो की ती हेही उघड होत नाही. स्पॅनिशमध्ये ‘येनो’ (भरलेला) की ‘येना’ (भरलेली) यात अडकण्यापेक्षा ‘आता मावत नाही’ या अर्थाचं ‘या नो मे काबे मास’ घ्या. जपानीत मात्र ‘ओनाका इप्पाइ’, अक्षरशः पोट भरलं, आणि अदब हवी तर पुढे ‘देस’.

अरबीत ‘शबिअ्तु’, म्हणजे ‘माझं पोट भरलं’, हा एकच शब्द पुरतो. पण स्वरचिन्हांशिवाय छापला की तीच अक्षरं ‘तुझं पोट भरलं’, ‘तिचं पोट भरलं’ अशीही वाचता येतात. शेजारी फुगलेल्या डब्याचं चित्र टाका, घोळ मिटतो.

गमतीच्या वाक्याखालची ‘डबा रिकामा करा’ ही ओळ साधीच ठेवा. जर्मनमध्ये अशा सूचनेत क्रियापदाचं मूळ रूपच वापरतात, त्यामुळे ‘तू’ की ‘तुम्ही’ ठरवावं लागत नाही. आणि झाकण उघडण्याआधी प्लग काढा, बोट आत घालू नका, या ओळींत विनोद अजिबात नको.

भाषांतरकाराला नुसतं वाक्य पाठवू नका. डब्याचा फोटो, स्टिकरचं माप (समजा ६० बाय १५ मिलिमीटर), बोलतंय कोण, ऐकतंय कोण, वाचून काय करायचं, हे सगळं द्या. तीन पर्याय मागा आणि प्रत्येकाचा सूर कसा आहे ते मराठीत लिहून घ्या. पैसे शब्दावर देऊ नका. चार शब्दांच्या दरात कुणी डोकं लावणार नाही, शब्दाला शब्दच मिळेल. मजकूर परत मराठीत उलटवून तपासण्यात अर्थ नाही, कारण चांगलं फ्रेंच वाक्य ‘मी छान जेवलो’ असंच परत येईल आणि मालक म्हणेल, आम्ही हे कुठं लिहिलं होतं? त्यापेक्षा ती भाषा घरात बोलणाऱ्या दोघांना स्टिकरचा फोटो दाखवा आणि विचारा, हे वाचून काय कराल? ‘डबा काढीन’ म्हणाले की पास.

छपाईत निम्मी चांगली भाषांतरं मरतात. कन्नडचे ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं खाली लिहायचं अक्षर, ओळीखाली लोंबतात, म्हणून १५ मिलिमीटरच्या पट्टीत दोन ओळी कोंबल्या की ते कापले जातात. बारीक देवनागरीत गडद रंगावर पांढरी अक्षरं काढली की शाई पसरून मात्रा बुजतात. जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये अरबी अक्षरं सुटी होतात आणि उलट्या क्रमानं बसतात. अरबी न येणाऱ्याला ते सुंदर दिसतं, हाच घात. मजकूर युनिकोडमध्ये घ्या, प्रेसला कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या केलेली, फाइल द्या, आणि प्लेट बनवण्याआधीचा प्रूफ भाषांतरकाराकडून सहीनिशी परत मागवा.