टीएचा जवान घरी आल्यावर त्याची नोकरी जागेवर असते का?

2025 च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या त्या दिवसांत, एक बातमी सगळ्या ग्रुपवर फिरत होती. केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मी (टीए) बोलवायचे अधिकार दिले, 32 इन्फन्ट्री बटालियनपैकी 14 ड्युटीवर आणता येतील. लगेच टीएत मानद अधिकारी असलेल्या धोनीचे आणि कपिल देवचे वर्दीतले फोटो सुरू झाले. धोनीबद्दल मला मनापासून आदर आहे, 2019 ला तो काश्मीरमध्ये 106 टीए बटालियनसोबत राहून आलाय. पण ज्या पोरांना खरंच बोलावणं येणार होतं त्यांच्या घरी काय चाललं असेल हे कुणी लिहिलं नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

टीए म्हणजे काय हे आपल्याकडे भरतीला जाणाऱ्या पोरांनाही नीट माहीत नसतं. 1948 चा कायदा, 9 ऑक्टोबर 1949 ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजाजी (सी. राजगोपालाचारी) यांच्या हस्ते औपचारिक सुरुवात. कल्पना अशी की माणसाने आपला कामधंदा करायचा, वर्षातून ठरलेले दिवस ट्रेनिंगला जायचं, आणि देशाला गरज पडली की वर्दी घालून हजर व्हायचं. वय 18 ते 42. ड्युटीवर बोलावलं की त्याला एम्बॉडी म्हणतात, तेव्हा पगार, रेशन, कँटीन सगळं रेग्युलर जवानासारखं. काम संपलं की डिसएम्बॉडी, म्हणजे घरी, आणि पगार बंद. पेन्शनसाठी जवानाला 15 वर्षं सेवा लागते, पण ती एम्बॉडी असतानाची धरतात, घरी बसलेले दिवस त्यात येत नाहीत. सगळी मेख इथेच आहे.

कोल्हापूरला 109 टीए आहे, पुण्याला 101 टीए, दोन्ही मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या. कोल्हापूरची भरती निघाली की आमच्या गडहिंग्लज-चंदगड भागातनं गाड्या भरून पोरं जातात. रात्रभर फुटपाथवर, डोक्याखाली बॅग, सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, आणि पहाटे रनिंगला उभी. यातल्या बहुतेकांकडे सोडून यायला नोकरीच नसते. कायद्यात धरलेला जवान म्हणजे पोटापाण्याचा धंदा असलेला माणूस, आणि रांगेत उभा असतो तो नोकरी शोधणारा पोरगा. त्याला टीए ही कायमची भरती वाटते. मग डिसएम्बॉडी झाला की गावात लोक विचारतात, काय रे, सुट्टीवर आलास का, आणि त्याला काय उत्तर द्यावं कळत नाही.

माझ्या आत्याचा मुलगा टीएत आहे. भरती व्हायच्या आधी तो एका कारखान्यात सीएनसी मशीनवर होता, हाताला चांगला म्हणून नाव होतं. बोलावणं आलं, तीन वर्षं बाहेर काढली, त्यात बराच काळ काश्मीर. परत आला तर मशीनवर दुसरा पोरगा, आणि एचआरवाला म्हणाला की तू राजीनामा दिलेला नाहीस पण जागाही नाही. आता तो दादा दुसऱ्याचा टेम्पो चालवतो आणि पुढच्या बोलावण्याची वाट बघतो. त्याच्या तोंडून कधी तक्रार ऐकली नाही, राग मलाच येतो.

कारण कायदा त्याच्या बाजूने आहे! टीए कायद्याच्या कलम 7 मध्ये स्पष्ट लिहिलंय की सेवेवरून परतलेल्या माणसाला मालकाने परत कामावर घ्यायचं. नाही घेतलं तर दंड किती, एक हजार रुपयांपर्यंत, आणि सहा महिन्यांच्या पगाराएवढी भरपाई. 1948 ला हजार रुपये म्हणजे मोठी रक्कम होती, आज त्याला कुठला कारखानदार घाबरेल? आणि हे कलम मालकाला माहीत नाही, एचआरला माहीत नाही, पोराला तर कुणी सांगितलेलंच नसतं.

टीएचा उपयोग होत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. 1974 च्या रेल्वे संपात रेल्वेच्याच कर्मचाऱ्यांच्या टीए युनिट्सनी गाड्या चालू ठेवायला मदत केली (संपाबद्दल मत काहीही असो). ओएनजीसी, इंडियन ऑइलच्या लोकांची युनिट्स आहेत, लढाईत तेलाचा पुरवठा चालू ठेवणारी. मसुरीचे डोंगर चुनखडीच्या खाणींनी बोडके केले होते तिथे 1982 पासून टीएच्या इको म्हणजे पर्यावरणाचं काम करणाऱ्या बटालियनने झाडं उभी केली. आपल्या मराठवाड्यात संभाजीनगरला 2017 पासून 136 इको बटालियन आहे, महार रेजिमेंटची. त्यात माजी सैनिक आहेत, दुष्काळी माळावर खड्डे खणून रोपं लावतायत आणि नुसती लावून सोडत नाहीत, जगवतायत. मला हे मॉडेल फार आवडतं, खर्च राज्य सरकार करतं, शिस्त आर्मीची, माणसं त्याच भागातली.

बाहेर काय करतात बघा. इस्रायलने ऑक्टोबर 2023 मध्ये 3 लाखांवर रिझर्व्ह (राखीव सैनिक) बोलावले, दुकानदार, इंजिनिअर, शिक्षक सगळे, आणि त्यांचा बुडालेला पगार तिथली राष्ट्रीय विमा संस्था भरते. आपल्यासारख्या देशाला सगळ्यांना सक्तीने सैन्यात घ्यायची गरज नाही, तेवढी माणसं हौसेने येतात. पण बोलावलेल्या माणसाचं घर कोण चालवणार आणि परतल्यावर त्याला काम कुठे, हे तिथे आधी ठरलेलं असतं.

आता अग्निवीर. जून 2022 ला योजना आली, चार वर्षं सेवा, 25 टक्क्यांपर्यंत पोरं कायम, बाकीच्यांना सेवानिधीचे सुमारे 11.71 लाख देऊन घरी. पहिल्या बॅचची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून संपतात. पंचविशीच्या आतबाहेरची, शस्त्र चालवायला शिकलेली, बॉर्डर बघितलेली पोरं, यापेक्षा चांगला रिझर्व्ह कुठून आणणार? त्यांना निमलष्करी दलात आरक्षण दिलंय, चांगलंच आहे, पण लढाई लागली की बीएसएफलाही माणसं लागणारच, तो जवान आर्मीचा रिझर्व्ह म्हणून परत मोजता येणार नाही. एकच माणूस दोन हजेरीपटांवर कसा चालेल.

माझं म्हणणं एवढंच की बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांपैकी ज्याची इच्छा असेल त्याला थेट टीएत घ्या, परत फुटपाथवर झोपून भरतीला उभं करू नका. त्याची चार वर्षं पेन्शनच्या सेवेत धरा. कलम 7 मधला दंड आजच्या हिशोबाने वाढवा आणि ते कलम प्रत्येक एमआयडीसीत नोटीस बोर्डावर लावा. छोट्या मालकाचंही नुकसान होतं, त्याला बदली कामगारासाठी सरकारने मदत द्यावी, नाहीतर तो टीएवाल्याला कामावर घ्यायलाच कचरेल.

आपल्या खासदारांकडे जाणार असाल तर हे कलम 7 चं विचारा, कायदा संसदेचा आहे, दुरुस्ती तिथेच होणार. आणि कुणी टीएतला जवान डिसएम्बॉडी होऊन आलाय आणि कामावर घेत नाहीत अशी केस माहीत असेल तर इनबॉक्स करा, ओळखीतल्या एका वकिलांनी अर्ज लिहून द्यायची तयारी दाखवलीय, पैसे घेणार नाहीत.