टोल घेताना यंत्र, परत देताना अर्ज

फास्टॅग वाईट म्हणणाऱ्यांतला मी नाही. टोलनाक्यावर सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं, दहा रुपयांच्या बदल्यात हातात टेकवलेलं चॉकलेट, उन्हात तापलेल्या गाडीत किरकिरणारी पोरं हे ज्यांनी भोगलंय त्यांना 2021 च्या फेब्रुवारीत टॅग सक्तीचा झाला तेव्हा बरंच वाटलं असणार. मलाही वाटलं.

पण पैसे कापायचे असले की सगळं कसं सेकंदात, आणि चुकून कापलेले परत मागितले की तक्रार क्रमांक लिहून घ्या, बँक म्हणते नाक्याला विचारा, नाका म्हणतो बँकेला विचारा. चाळीस-पन्नास रुपयांसाठी कोण एवढं करणार? आपण सोडून देतो, आणि आपण सोडून देणार हे समोरच्यालाही पक्कं ठाऊक असतं.

मध्ये एका नाक्यावर माझा टॅग वाचलाच जाईना. पोरगा हातातलं स्कॅनर घेऊन आला, काचेवर इकडून धरलं, तिकडून धरलं. "काका, जरा मागं घ्या... आता पुढं... नाय होत. कॅश द्या, डबल." खात्यात पैसे होते, टॅग चालू होता, आदल्या नाक्यावर अर्ध्या तासापूर्वी बिनबोभाट कापले गेले होते. मी मोबाईलवर मेसेज दाखवला. म्हटलं, यंत्र तुमचं चालत नाही, दंड मी का भरू? मला शून्य रुपयांची पावती द्या.

पोराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्याकडे त्याची किडनी मागितली. सुपरवायझर आला. त्यानेही असलं काही ऐकलं नव्हतं. मागे हॉर्न सुरू. बायको म्हणाली, देऊन टाका हो. शेवटी सुपरवायझरने कंटाळून दांडा वर केला, पण पावती काही दिली नाही.

ही पावती माझ्या मनातली नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या टोल नियमांत 2018 मध्ये झालेली दुरुस्ती आहे : टॅग वैध असेल, खात्यात पुरेसे पैसे असतील आणि नाक्यावरची यंत्रणा बिघडल्यामुळे टोल कापता येत नसेल, तर गाडी फुकट सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायचीच द्यायची. आता सांगा, 'टॅग नसल्यास दुप्पट' ही पाटी तुम्ही किती नाक्यांवर पाहिलीत? आणि या नियमाची किती?

आपल्या बाजूचे नियम असेच असतात. रांग 100 मीटरच्या पुढे गेली तर पुढच्या गाड्या फुकट सोडायच्या, हाही नियम 2021 मध्ये आला होता. त्यासाठी पिवळ्या रेघाही मारायच्या होत्या. 2024 मध्ये तो गुपचूप मागे घेतला. दुप्पट दंड मात्र जागचा हलला नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये थोडी दया आली : टॅग नसेल किंवा वैध नसेल तर रोखीने दुप्पट, यूपीआयने सव्वापट. सव्वापट तरी का, हा प्रश्न उरतोच, पण असो.

वार्षिक पासचं कौतुक करायलाच हवं. 15 ऑगस्ट 2025 ला आला तेव्हा 3000 रुपयांत 200 फेऱ्या, एक नाका ओलांडला की एक फेरी, म्हणजे नाक्याला 15 रुपये. पुणे-सातारा जाऊन-येऊन चार नाके होतात, पन्नास वेळा सातारा होईल. पण हा पास फक्त राष्ट्रीय महामार्गांना. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा, समृद्धीही राज्याचा, तिथे पूर्ण टोल. 2025 मध्ये द्रुतगतीवर कारला 320 रुपये होते. काच तीच, टॅग तोच, वर पाटीही निळीच किंवा हिरवी. रस्ता दिल्लीचा की मुंबईचा, हे गाडी चालवणाऱ्याने कशावरून ओळखायचं?

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचं तर विचारूच नका. अटल सेतू, द्रुतगती, समृद्धीवर राज्याने 2025 च्या ऑगस्टमध्ये टोल माफ केला, तरी कापला जात असल्याच्या तक्रारी विधानसभेपर्यंत गेल्या. माफी कागदावर लगेच होते, यंत्राला कळवायला महिने लागतात. टोल वाढतो तेव्हा मात्र रात्री बाराच्या ठोक्याला यंत्राला बरोबर कळतं!

त्याच ऑगस्टमध्ये केरळात पालियेक्कराच्या नाक्यावर हायकोर्टाने रस्त्याची दैना पाहून वसुली थांबवली. महामार्ग प्राधिकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तर तेव्हाचे सरन्यायाधीश, आपल्या अमरावतीच्या गवईसाहेबांच्या पीठाने त्यांनाच विचारलं, 65 किलोमीटरला बारा तास लागत असतील तर माणसाने 150 रुपये का द्यावेत? अपील फेटाळलं. म्हणजे टोल थांबवता येतो, पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं. मला एवढंच हवंय की तेवढ्यासाठी कोर्ट लागू नये. चुकून कापलेले पैसे कापले तितक्याच आपोआप परत यावेत, आणि ठरलेल्या मुदतीत आले नाहीत तर नाकेवाल्याने दुप्पट द्यावेत. हिशेब करणारं यंत्र तेच आहे की.

तोवर एक काम करा. तुमच्यापैकी कुणाला ती शून्य रुपयांची पावती आयुष्यात कधी मिळाली असेल, तर गाडीचा नंबर झाकून फोटो कमेंटमध्ये टाका. दिसते कशी, ते तरी पाहू.