प्राण्याचं नाव कुणासाठी?

राणीच्या बागेतल्या पेंग्विनच्या पिल्लांची नावं नॉडी, टॉम, पिंगू अशी का, मराठी का नाहीत, यावरून 2025 मध्ये मुंबईत वाद झाला. त्याआधी 2024 मध्ये सिलिगुडीच्या सफारी पार्कमधली सिंहीण ‘सीता’ आणि सिंह ‘अकबर’ यांच्या नावांचं प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं. ही जोडी त्रिपुरातून आणलेली, म्हणून तिथल्या एका वरिष्ठ वनाधिकाऱ्याला निलंबित व्हावं लागलं. मी हे सगळं फ्रान्समध्ये बसून वाचते. मराठी नावाचा आग्रह मला मनापासून पटतो. बागेत येणाऱ्या मुलांच्या तोंडी आपल्या भाषेतलं नाव रुळलं तर मला आनंदच होईल. खटकतं ते एवढंच, की या भांडणात प्राणी कुठेच नसतो.

इथे नाव ठरतं अक्षरावरून. वंशावळीची नोंद असलेल्या कुत्र्यांच्या पिल्लांना जन्मवर्षाच्या अक्षराने सुरू होणारं नाव देतात. 2023चं अक्षर यू होतं, 2024चं व्ही, आणि काही अवघड अक्षरं वगळलेली असल्याने 2025ला पुन्हा ए. आमची कुत्री 2023ची, म्हणून ती उल्का. शेजारी ते नाव फ्रेंच वळणाने ‘यूल्का’सारखं घेतात, घरात ती उलू. ती दोन्ही हाकांना येते. आवाज चिडका असेल तर मात्र ‘उलू’लाही येत नाही.

जपानमधला 2019चा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. मांजरांना त्यांच्या नावाइतक्याच लांबीचे चार शब्द ओळीने ऐकवले आणि मग त्यांचं नाव. शब्दांना कंटाळलेली मांजरं नावाला कान टवकारत, मान वळवत, अनोळखी आवाजातही. पण ‘हे म्हणजे मी’ असं मांजराला कळतं, असा दावा संशोधकांनी केलेला नाही. स्वतःची ओळख सांगणारा आवाज डॉल्फिनकडे असतो. प्रत्येकाची शीळ वेगळी, लहानपणी त्याची त्यानेच घडवलेली. तिची नक्कल ऐकवली तर तो उत्तर देतो. आपण दिलेल्या नावाला ती जागा नाही.

मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात नामिबियाहून आणलेली चित्ता मादी सियाया 2023 मध्ये ज्वाला झाली. नाव बदलल्याने तिचं काही गेलं असं मला वाटत नाही. बदलली होती ती जमीन, शिकार, वास. नावावर इतकं बोलणाऱ्यांनी त्याबद्दलही तेवढंच बोलावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मोठा कुत्रा दत्तक घेणारे विचारतात, जुनं नाव बदलू का? खुशाल बदला, विशेषतः त्या नावामागे ओरडा आणि मार असेल तर. नवं नाव घेतलं की लगेच खाऊ द्या किंवा पाठीवरून हात फिरवा, आणि ते रागवायला कधीही वापरू नका.