झाकली मूठ आणि दुकानाची काच

नमस्कार.

प्रतिक्रियेखाली तुम्ही नावाऐवजी ‘एक दुकानदार’ एवढंच लिहिलंय. सॅन फ्रान्सिस्कोच्या व्ही. सी. मॉरिस यांच्या दुकानावरचा माझा लेख तुम्हाला मुळीच रुचला नाही आणि तसं तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. ‘बत्तीस वर्षं लक्ष्मी रोडवर कापडाचं दुकान चालवतोय. रस्त्याकडे काच नसलेलं दुकान ही आर्किटेक्टने मालकाच्या पैशावर केलेली हौस. आतला गोल रॅम्प म्हणजे त्याच्याच न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियमची तालीम, आणि तालमीचं भाडं बिचाऱ्या मालकाने भरलं. दारावर जुनी रोमन कमान, आणि तुम्ही त्याला आधुनिक म्हणता! तुमच्या लेखात मालक कुठेच नाही. शिवाय ते दुकान आज आहे कुठे?’ चार दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण यातलं निम्मं मला पटलं होतं आणि नेमकं कुठलं निम्मं, ते ठरत नव्हतं.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सॅन फ्रान्सिस्कोत युनियन स्क्वेअर या चौकाला लागून मेडन लेन नावाची दोन चौकांएवढी गल्ली आहे. (1906 च्या भूकंपाआधी हिचं नाव मॉर्टन स्ट्रीट होतं आणि लौकिक असा, की सभ्य माणसं तिथून जायची टाळत. नाव बदललं ते उगीच नव्हे.) तिथे 140 नंबरला 1911 ची एक साधी इमारत होती. व्हीअर आणि लिलियन मॉरिस या नवराबायकोचं चिनी मातीची भांडी, काचसामान, चांदी असल्या भेटवस्तूंचं दुकान होतं. त्यांनी 1948 मध्ये फ्रँक लॉइड राइट या नामवंत अमेरिकन आर्किटेक्टकडून ही जुनी इमारत आतून-बाहेरून बदलून घेतली. राइट तेव्हा ऐंशीच्या पुढे होता. त्याने दर्शनी भाग पिवळसर विटांच्या सपाट भिंतीने बंद केला, शोकेस ठेवलंच नाही, आणि भिंतीत मधोमध न ठेवता एका बाजूला एक कमान काढली. आत वरच्या मजल्यावर नेणारी गोल चढणीची वाट केली, तोच तो रॅम्प.

आता काचेबद्दल. तुम्ही कापडवाले आहात म्हणून तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देतो. लक्ष्मी रोडवर काचेमागे पुतळे उभे राहिले ते नंतर. त्याआधीची लुगड्यांची दुकानं आठवा. रस्त्यावरून काय दिसायचं? पाटी, आणि पायरीवर काढलेल्या चपला. माल सगळा कपाटात. गिऱ्हाइकाने गादीवर टेकायचं, पाणी घ्यायचं, कुणाचं लग्न, कितीपर्यंतचं हवं ते सांगायचं, मग दुकानदार घड्या उलगडत जाणार आणि पांढऱ्या खोळीवर रंगांचा ढीग होणार. एवढा ढीग झाल्यावर काहीच न घेता उठणं किती अवघड असतं ते मी आईबरोबर अनेकदा अनुभवलंय. सराफांच्या जुन्या पेढ्याही अशाच. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे कुठल्या आर्किटेक्टने शिकवलेलं नाही. मॉरिस यांचा मालही त्याच जातीचा होता. लग्नाच्या आहेरासाठी चांदीची सुरई घ्यायला निघालेला माणूस घरून ठरवून निघतो. रस्त्याने जाताजाता काचेत बघून आत शिरणारं गिऱ्हाईक वेगळं, हे वेगळं.

आणि राइटने बोलावणं सोडलं होतं असंही नाही. कमानीची विटांची वलयं एकात एक बसवलेली आहेत, त्यामुळे नजर आपोआप आत ओढली जाते. कमानीतून आत बोगदा आहे आणि त्याची अर्धी बाजू विटांची, अर्धी काचेची. म्हणजे काच आहे, पण भिंतीला नाही, वाटेला आहे. दोन पावलं आत टाकलीत की माल दिसू लागतो, आणि ती दोन पावलं टाकेपर्यंत तुम्ही दुकानात आलेले असता. भिंतीच्या कडेला मध्येमध्ये विटा सोडून झरोक्यांची उभी रांग केली आहे, त्यामागे दिवे. त्या दिव्यांनी संध्याकाळी एवढी मोठी कोरी भिंत मुकी वाटत नाही. मी दिवसा गेलो होतो. आज ती गल्ली दिवसा गाड्यांना बंद असते, माणसं रमतगमत जातात. अर्ध्या तासात सातआठ जण त्या कमानीपाशी थबकलेले मी पाहिले. त्यांच्यातल्या किती जणांनी खरेदी केली ते विचारू नका, मी स्वतःही केली नाही.

कमान जुनी आहे म्हणून इमारत आधुनिक नाही, हे मला मान्य नाही. आधुनिक म्हणजे काच आणि लोखंडच असायला हवं, ही समजूत आपल्याकडे मासिकांतल्या चित्रांवरून आली. राइट तरुणपणी शिकागोत लुई सलिव्हन या आर्किटेक्टच्या हाताखाली शिकला आणि अशा भरभक्कम कमानी त्या शहरात त्याने रोज पाहिल्या. पण इथल्या कमानीभोवती खांब नाहीत, नक्षी नाही, वर त्रिकोणी कपाळपट्टी नाही. बाहेर चौकोनी, कोरी, विटांची भिंत. आत पांढरा, गोल, वरून उजेडाने भरलेला एकच अवकाश. वर अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या घुमट्यांचं छत असल्याने उजेड गाळून येतो, आणि काचसामानाला तोच हवा, कारण थेट ऊन पडलं की काच नुसती चमकते, दिसत नाही. काळ्या अक्रोडाच्या लाकडाचं फर्निचर त्या वळणांना धरून केलेलं आहे. दाखवण्याचं, ठेवण्याचं, चालण्याचं काम एकाच आकारातून करून घेणं, यालाच मी आधुनिक म्हणतो.

रॅम्पची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. तुमच्या आरोपात तथ्य आहे. गुगनहाइमचं काम राइटकडे 1943 मध्ये आलं होतं, सर्पिल रॅम्पची कल्पना कागदावर होती आणि म्युझियम रखडलं होतं. ते उघडलं 1959 च्या ऑक्टोबरमध्ये. राइट त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला. म्हणजे तो रॅम्प विटामातीत बघायची संधी त्याला आधी मॉरिस यांच्या गाळ्यात मिळाली. तालीम म्हणायचं तर म्हणा. पण मला तर नाटकापेक्षा तालीमच जास्त जमलेली वाटते. म्युझियमची योजना अशी, की लिफ्टने वर जायचं आणि उतरत उतरत चित्रं बघायची; भिंत वळलेली, जमीन कललेली, सपाट चित्र लावायचं कसं, ही चित्रकारांची तक्रार आजही संपलेली नाही. दुकानात मात्र वस्तू लहान, गोल, हातात मावणाऱ्या. रॅम्पलगतच्या भिंतीत गोल खिडक्या काढून त्यांत एकेक वस्तू ठेवलेली. चढताना एक प्याला डोळ्यांच्या पातळीवर येतो, वळसा घेतला की तोच खाली राहतो. वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक चढवणं किती कठीण असतं ते तुम्ही मला शिकवायला नको आणि मी तुम्हाला. जिना दिसला की ‘खालीच दाखवा ना’. इथे जिनाच दिसत नाही.

जागेचं म्हणाल तर तिथे मी हरलो. त्या वळणाने गाळ्याचा मध्यभाग खाल्लाच. त्याच जागेत दोन ओळी कपाटं आणि सरळ जिना बसवला असता तर कितीतरी जास्त माल राहिला असता. पुण्यातल्या जागेच्या भावाला हे परवडणार नाही, आणि ज्या दुकानाचा नफा थप्प्यांवर चालतो त्याला कुठेच परवडणार नाही. आणखी एक कबुली देतो: राइटचं हे गणित दर वेळी सुटलं नाही. बेव्हर्ली हिल्सच्या रोडिओ ड्राइव्हवर 1952 मध्ये त्याने अँडर्टन कोर्ट नावाचं छोटं व्यापारी संकुल बांधलं. तिथेही रॅम्प, पण कोनाकोनाचा, आणि त्याभोवती भाड्याचे छोटे गाळे. तिथे माल कोणता, गिऱ्हाईक कोण, हे आधी ठरलेलंच नव्हतं. भाडेकरू आज हा, उद्या तो. मग रॅम्प नुसता रॅम्प उरतो. त्या इमारतीवर तुम्ही हीच प्रतिक्रिया लिहिली असती तर मी खाली ‘सहमत’ लिहून मोकळा झालो असतो.

‘ते दुकान आज आहे कुठे?’ मॉरिस यांचं नाही. पण किती कुटुंबांची दुकानं तिसऱ्या पिढीपर्यंत राहतात, ते लक्ष्मी रोडवर राहून तुम्हीच सांगा. इमारत आहे आणि नंतरही वापरात राहिली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून बरीच वर्षं तिथे कलावस्तूंची गॅलरी होती. 2017 मध्ये इटलीतल्या नेपल्सच्या एका कपडेवाल्यांनी तिथे दुकान थाटलं. कापडवाले, बरं का! आणि त्यांनीही भिंत फोडून काच बसवली नाही. वारसा म्हणून ती फोडू देणारही नाहीत, हे खरं, पण हे माहीत असूनच त्यांनी जागा घेतली.

तुमच्या प्रतिक्रियेतलं मला लागलेलं वाक्य शेवटून दुसरं होतं: ‘तुमच्या लेखात मालक कुठेच नाही.’ ते मात्र अगदी खरं. पूर्ण लेखात मी राइटचं धाडस, राइटचा हट्ट, राइटचा हात एवढंच लिहीत गेलो. वस्तुस्थिती अशी, की या नवराबायकोने त्याच्याकडून आधी, 1945 च्या सुमारास, समुद्रकड्यावरच्या घराचे आराखडेही करून घेतले होते. ते घर कधी बांधलंच गेलं नाही. तरीही ते पुन्हा त्याच माणसाकडे गेले, आणि या वेळी राहण्याची नाही, पोटापाण्याची जागा त्याच्या हवाली केली. काच काढून टाकायची म्हटल्यावर राइटचं काय जात होतं? फार तर एक काम. गल्ल्यावर रोज बसायचं होतं मॉरिसना. भिंत बघून लोक पुढे निघून गेले असते तर संध्याकाळी रिकामा गल्ला मोजण्याची वेळ त्यांच्यावर आली असती.

म्हणून मूळ लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदातलं ‘राइटचं धाडस’ खोडून तिथे ‘मॉरिस पतिपत्नींचं धाडस’ केलं आहे आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख टाकला आहे. ‘एक दुकानदार’ असाच टाकलाय. दुकानाचं नाव द्यायचं असेल तर कळवा. जुनी गादी अजून ठेवली असेल तर तेही कळवा. दिवाळीआधी आईला घेऊन येतो.