'गिफ्ट' म्हणजे विष: फिरत्या मजकुरातलं खरं किती?

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर साधारण असा: जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष, इंग्रजांनी हा शब्द जर्मनांकडून उचलला, जर्मन लोक भेटवस्तूंकडे संशयानं बघत म्हणून अर्थ फिरला, आणि स्वीडिशमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विषही आणि विवाहितही, कारण तिकडच्या पूर्वजांना लग्न विषासारखं वाटे.

पहिलं विधान बरोबर आहे. जर्मनमध्ये 'दास गिफ्ट' म्हणजे विष, भेटीला 'गेशेंक' म्हणतात.

उसनवारीचं विधान चूक. दोन्ही भाषांतले शब्द एकाच जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश वगैरेंचं भाषाकुळ) धातूचे: इंग्रजी 'गिव्ह', जर्मन 'गेबन', म्हणजे देणे. नाम बनवताना प्रत्ययातला त जोडला की आधीच्या व-ब चा फ होतो. इंग्रजीत ड्राइव्ह–ड्रिफ्ट, थ्राइव्ह–थ्रिफ्ट. जर्मनमध्ये श्रायबन (लिहिणे)–श्रिफ्ट (लिपी). जुन्या इंग्रजीत या शब्दाचा उच्चार 'यिफ्ट' होता आणि अर्थ वधूमूल्य; अनेकवचनात तर थेट लग्न. आजचा ठसठशीत 'ग' व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आला. उसनं काही असेलच तर ते तिथलं.

संशयाची गोष्ट मात्र निव्वळ रचलेली. मूळ दवाखान्यात आहे. ग्रीक 'दोसिस' म्हणजे देणं, त्यावरून द्यायची मात्रा. आपला 'डोस' तोच. (संस्कृत 'दा', 'दान' याच कुळातले.) जर्मनांनी त्याचा शब्दशः अनुवाद केला तो 'गिफ्ट'. विषाचं नाव घेणं टाळून 'दिलेली मात्रा' म्हणता म्हणता तोच अर्थ चिकटला. इंग्रजी 'पॉयझन'ची तीच कथा: लॅटिन 'पोतिओ', म्हणजे नुसतं पेय, संस्कृत 'पा'चा नातेवाईक. विषाचा अस्सल जर्मानिक शब्द वेगळाच होता. जुन्या इंग्रजीत 'आटोर'. जर्मनमध्ये त्याचा 'आयटर' झाला, अर्थ उरला पू. डॅनिशमध्ये तो कोळी या आठ पायांच्या प्राण्याच्या नावात, 'एडरकॉप'मध्ये, अडकून बसला आहे.

आणि 'देणे' हा अर्थ जर्मनमधून पुसला गेलेला नाही. 'मिटगिफ्ट' म्हणजे सोबत दिलेलं, अर्थात हुंडा. हा शब्द स्त्रीलिंगी, विषवाला 'गिफ्ट' नपुंसकलिंगी.

आता स्वीडिश. 'हान एर यिफ्ट' (स्वीडिशमध्ये इथे ग चा य होतो) म्हणजे त्याचं लग्न झालेलं आहे. 'एत यिफ्ट' म्हणजे एक विष. पहिलं विशेषण, दुसरं नाम. विवाहित हा अर्थ 'दिलेली' यावरून आला, आणि मराठी माणसाला तर तो समजवायलाच नको: थोरलीला साताऱ्याला दिली, असंच आपण म्हणतो. विषाचा अर्थ नंतर जर्मन बाजूनं शिरला. लग्नाला विष मानल्याचा खुलासा आइसलँडिकपुढे तर टिकतच नाही: तिथे विषाला 'एतुर' असा जुनाच शब्द आहे, 'गिफ्तुर' म्हणजे विवाहित, आणि त्याच धातूचं 'गिफ्ता' म्हणजे सौभाग्य.

गोंधळ टाळायची सोय डचांनी केली आहे. 'दे गिफ्ट' म्हणजे देणगी, 'हेट गिफ' म्हणजे विष. शेवटचा ट सहसा गळलेला. बाटलीवर 'गिफ्टिख' दिसलं तर मात्र ती विषारीच.