काय व्हयनं?

एकट्याने हसणं ही आमच्या अमळनेरात अजून पुरती मान्य झालेली गोष्ट नाही. एकटे रडलात तर माणसं जवळ येतात, पाणी देतात, पाठीवर हात ठेवतात. एकटे हसलात तर आधी लांबूनच बघतात.

मे महिन्याची दुपार होती. बाहेर ४५ अंश. कूलर घरघरत होता, लॅपटॉपचा पंखा त्याला मागून सूर देत होता, आणि मी फोनमध्ये बघून खिंकाळल्यासारखा हसलो. पलीकडच्या खोलीत नाना आडवे झाले होते. तिथून आवाज आला, "काय व्हयनं?"

"काही नाही, नाना."

"मग हसतोस कशाला?"

(नाना अस्सल अहिराणीत बोलतात. काय व्हयनं म्हणजे काय झालं. तुमच्या सोयीसाठी मी ते बरंचसं धुऊन-वाळवून लिहितोय. मूळ कापड यापेक्षा भरड आणि टिकाऊ आहे.)

झालं असं, की आम्ही कॉलेजातले सात-आठ जण प्रोग्रामर झालो. कोणी पुण्यात, कोणी बंगळूरला, आणि घरी बसून काम करणारा मी एकटा. आमचा एक ग्रुप आहे आणि त्यावर कोणीही कोणाला नावाने हाक मारत नाही. चोपडा, शिरपूर, पारोळा, पाचोरा, ज्याचं जे गाव तेच त्याचं नाव. "पाचोऱ्याने परत सर्व्हर पाडला", "चोपड्याला कोणीतरी आवरा" असे निरोप एखाद्या परक्याने वाचले तर त्याला वाटेल, खानदेशात संचारबंदी लागली. कामाचं बोलणं वर्षातून दोनदा. बाकी वेळ एकमेकांच्या कोडची धुलाई. ओळ आत सरकवायला टॅब दाबावा की स्पेस, या प्रश्नावर शिरपूर आणि पारोळा तीन महिने बोलत नव्हते. मधे शिरपूरच्या मुलाचं बारसं झालं. पारोळा आला, पोटभर जेवला आणि निघताना म्हणाला, "पाळण्याची दोरी स्पेस देऊन बांधलीय की टॅब देऊन?"

तर अशा ठिकाणचा विनोद मला नानांना समजावून सांगायचा असतो. नाना ३४ वर्षं एका कापसाच्या जिनिंगमध्ये दिवाणजी होते. रोजमेळ, खतावणी, तेरीज यांत त्यांचं आयुष्य गेलं. ताळा जुळल्याशिवाय घरी न येणारा माणूस. ते विनोदाचाही ताळा बघतात.

त्या दुपारचा विनोद साधा होता. प्रोग्रामर काळ्या पडद्यावर काम का करतात? कारण उजेडाला किडे येतात. आता यासाठी आधी सांगायला लागलं की प्रोग्राममधल्या चुकीला बग म्हणतात, बग म्हणजे किडा, वगैरे. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबरच आहे," ते म्हणाले. "पावसाळ्यात आम्ही लाईट बंद करूनच जेवायचो. नाहीतर भाजीत पडतात. पण यात हसायचं काय?"

मला राहवलं नाही. म्हटलं, नाना, खराखुरा किडा सापडलाय एकदा. ९ सप्टेंबर १९४७ ला अमेरिकेत हार्वर्ड मार्क टू नावाचं खोलीएवढं मशीन बिघडलं, तर एका रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, पतंग अडकलेला निघाला. तिथल्या लोकांनी तो काढून कामाच्या वहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि खाली लिहिलं, बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना. चुकीला बग म्हणायची पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून होती, एडिसनच्या १८७८ च्या पत्रात तो शब्द आहे. म्हणजे त्या वहीतली ती ओळ हा टोमणाच होता. आमच्या ग्रुपचे पूर्वजच ते.

नाना उठून बसले. "वहीत चिकटवला?"

"हो."

"मेलेला किडा? कामाच्या वहीत?"

"हो नाना. ती वही आता तिकडे संग्रहालयात जपून ठेवलीय."

"जिनिंगच्या वहीत मी सरकीचा एक दाणा दाबून ठेवला असता," नाना म्हणाले, "तर शेटजींनी मला जपून ठेवलं असतं का?" आणि परत आडवे झाले. त्या दिवशीपुरता अमेरिकेचा विषय संपला.

आईचं तसं नाही. ती ताबडतोब समजते आणि त्याने आणखी पंचाईत होते. वेबसाइट सापडली नाही की ४०४ असा आकडा येतो, हे तुम्हाला माहीत असेल. तसाच एक ४१८ आहे. १ एप्रिल १९९८ ला एकाने इंटरनेटवरून कॉफीचं भांडं चालवायचे नियम अगदी सरकारी भाषेत लिहून काढले. त्यात चहाच्या किटलीला कोणी कॉफी करायला सांगितली, तर किटलीने ४१८ हा आकडा पाठवून 'मी चहाची किटली आहे' असं कळवावं, अशी तरतूद केली. हा आकडा काढून टाकायची सूचना २०१७ साली आली तेव्हा लोकांनी इतका गलका केला की तो राहिला तो राहिलाच.

हे ऐकून आई म्हणाली, "तुझी आत्या कॉफी मागते तेव्हा मी दुसरं काय सांगते? फक्त आकडा सांगत नाही." तेव्हापासून आत्या दारात दिसली की ती स्वयंपाकघरातून नुसतं "चारशे अठरा" म्हणते. आत्याला तो रिक्षाचा नंबर वाटतो.

खरी लढाई शून्यावरून झाली. मोजणी शून्यापासून सुरू करावी की एकापासून, हा आमच्यातला जुना तंटा. प्रोग्रामिंगच्या भाषांपैकी फोरट्रान एकापासून मोजते, सी शून्यापासून. डायक्स्ट्रा नावाच्या मोठ्या संगणकशास्त्रज्ञाने १९८२ साली शून्याच्या बाजूने हाताने टिपण लिहून काढलं, तरी भांडण मिटलं नाही. त्या रात्री ग्रुपवर चोपडा शून्याकडून, पाचोरा एकाकडून आणि मी दोघांच्या मधे काडी टाकायला. बाराच्या सुमारास नाना पाणी प्यायला उठले. मी दिसलो. "काय व्हयनं?"

सांगितलं.

"शेंगा मोजताना पहिल्या मापाला काय म्हणतात?" नाना.

"एक."

"तू बाजारात कधी गेलास का? पहिल्या मापाला लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. एक म्हणायचंच नाही. शून्य तर तोंडातूनही काढायचं नाही, धान्याच्या राशीपुढे शून्य म्हणणाऱ्याला हाकलून देतील."

मी ते जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही, आणि आमच्या ग्रुपवर ती पाच मिनिटं म्हणजे राष्ट्रीय दुखवटा असतो. मग पारोळ्याने लिहिलं, "सी म्हणते शून्य, फोरट्रान म्हणते एक, नाना म्हणतात लाभ. नाना जिंकले." दुसऱ्या दिवशी चोपड्याने ऑफिसच्या कोडमध्ये एका व्हेरिएबलचं, म्हणजे आकडा ठेवायच्या कप्प्याचं, नाव लाभ ठेवलं. त्याच्या बंगाली साहेबाने ते काय आहे म्हणून विचारलं, तर हा म्हणाला, खानदेशी प्रमाण आहे. साहेबाने मंजूर केलं.

हळूहळू ग्रुपवर माझी किंमत उतरत गेली. "तू काय म्हणतोस" हे कोणी विचारेना, सगळे "नाना काय म्हणतात" विचारू लागले. बऱ्याच जुन्या संगणकांचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं आणि बत्तीस बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या बत्तीस घरांत, ते मावेनासे झाले की उलटं फिरून १९०१ साली जाऊन पोचतं. आपल्याकडे ती वेळ येईल १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. हे सांगितलं तर नानांनी आधी वार विचारला. मंगळवार.

"मग मंगळ ग्रहाच्या देवळात जाऊन येऊ. गर्दी असते, सकाळीच निघावं लागेल." मग थोडा विचार करून म्हणाले, "आणि १९०१ मध्ये गेलोच तर काय, आपल्याकडे लाईट तेव्हाही नव्हती."

त्याच क्षणी लाईट गेली, हे मी रंगवून सांगत नाही. आमच्याकडे असं कुठलंही वाक्य बोला, त्याच्या आसपास लाईट जातेच.

पण नाना खरोखर चिडले ते एकदाच. ग्रुपवर शिरपूरने एक चित्र टाकलं होतं. संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर तो सांगतो ०.३०००००००००००००००४. आमच्यात यावर हसायची प्रथा आहे. मी हसलो. नाना आले, चष्मा लावला, शून्यं बोटाने मोजली.

"हे चार कुठून आले?"

म्हटलं, नाना, एक रुपया तिघांत वाटला की ३३ पैसे, ३३ पैसे आणि पुढे तीन-तीन संपतच नाहीत ना? तसं संगणकाचं दहाव्या भागाबाबत होतं. त्याला दोनच अंक माहीत, त्यात ०.१ पुरता लिहिता येत नाही. थोडं उरतं.

"तिघांत वाटून उरलेला पैसा आम्ही कोणाच्या तरी नावावर टाकायचो. हवेत सोडायचो नाही. आणि हे तुम्हाला माहीत आहे?"

"सगळ्यांनाच माहीत आहे."

"आणि तुम्ही हसता?"

काय सांगणार. त्या आठवड्यात मी स्वतः लिहिलेल्या बिलाच्या प्रोग्राममध्ये बेरीज एका पैशाने चुकत होती. दोन दिवस मी ती शोधत होतो आणि ग्रुपवर त्यावरच कोट्या करत होतो. नानांना हे कळायला नको होतं. कळलं. एका पैशाचा फरक म्हटल्यावर त्यांनी रात्रीची भाकरी बाजूला सारली.

"रुपयात हिशोब ठेवतोस?"

"हो. दशांशात."

"माझे गुरू, म्हातारे दिवाणजी, आण्यांच्या काळातले. रुपयाचे सोळा आणे, एकशे ब्याण्णव पै. ते आधी सगळं पैत उतरवायचे, पैतच बेरीज, आणि सगळ्यात शेवटी रुपये करायचे. मधे तुकडाच नाही, तर उरेल काय? तू पैशात ठेव."

हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं. मी ते शिकलोय, त्यावर परीक्षा दिलीय, नवीन पोरांना सुनावलंही आहे. रात्री दीड वाजता सगळे आकडे पैशांत केले. ताळा जुळला. नाना तोपर्यंत खुर्चीत जागे होते. जुळल्यावर उठले, गार भाकरी आणि ठेचा खाल्ला, झोपले.

सकाळी मी ग्रुपवर कबुली दिली. ग्रुपने एकमताने ठरवलं की नानांना आत घ्यावं. मी विरोध केला, पण माझं मत कोणी मोजलं नाही, ना शून्यापासून ना लाभापासून.

नानांनी पहिल्याच दिवशी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाचोऱ्याने लगेच विचारलं, "नाना, यात टॅब आहे की स्पेस?" आणि नानांनी उत्तर दिलं, "काटे शेत." म्हणजे काटे आहेत. तिथून जे सुटले ते सुटलेच.

काल रात्री साडेबाराला मी अंथरुणावर होतो. लाईट नव्हती. पलीकडच्या खोलीतून नाना एकटेच हसल्याचा आवाज आला, आधी खालच्या पट्टीत, मग खोकला येईपर्यंत.

"नाना, काय व्हयनं?"

"काही नही. तुले नही समजनार."

मी उठून गेलोच. मग त्यांनी मला समोर बसवलं. चोपड्याने त्यांना सांगितलं होतं की कधी कधी प्रोग्राममध्ये एखादा पत्ता तसाच लिहिलेला राहतो, पण त्या पत्त्यावरचं घर कधीच पाडून टाकलेलं असतं. त्यावर नानांनी लिहिलं होतं, "म्हणजे बुडीत उधारी." हे का हसण्यासारखं आहे, त्यासाठी आधी उधारी म्हणजे काय, मग तगादा म्हणजे काय, मग १९८६ साली ते स्वतः सायकलवरून धरणगावला कोणाच्या दारात गेले आणि तिथे नुसता चौथरा कसा होता, हे सगळं त्यांनी मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात पंधरा-वीस मिनिटं समजावून सांगितलं.

मला काही हसू आलं नाही.