रॅमचा स्लॉट कुठे गेला?
८ जीबीचा लॅपटॉप. त्यातली थोडी रॅम ग्राफिक्सच गिळतं, ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब उघडले की उरलेलीही संपते, मग रॅममध्ये न मावणारा डेटा एसएसडीवर हलवत बसायची, म्हणजे स्वॅपची, रखडपट्टी. रॅम वाढवावी म्हणून खालचं झाकण उघडावं, तर स्लॉटच नाही! चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या. कंपन्यांचं उत्तर ठरलेलं: एलपीडीडीआर या प्रकारच्या रॅमला प्रोसेसरपर्यंतची वाट आखूड लागते, वीजही वाचते. खरंय. पण मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम२ हे स्क्रूने बसणारं, काढून बदलता येणारं रॅमचं मॉड्यूल प्रमाणित केलंच की! शोधा आता दुकानातल्या लॅपटॉपांत. त्यापेक्षा खरेदीच्या वेळीच १६ जीबीसाठी अव्वाच्या सव्वा भाव लावणं सोपं. आणि एक चिप गेली, तर म्हणे अख्खा बोर्डच बदला.